काचेमागचं जेवण

अर्पितने काल काय खाल्लं हे मला माहीत नाही. विचारलं तर तो काहीतरी सांगेल, पण ते खरं असेल याची आता खात्री उरलेली नाही. गेले दोन महिने डोक्यात हेच चाललंय. एकोणतीस वर्षांचा माझा मुलगा, चांगल्या नोकरीतला, खाण्यापिण्याने ओसंडणाऱ्या शहरांतून रोज अर्धपोटी फिरतोय. आणि त्याला तसं फिरायला मीच लावलंय.

झोप येत नाही म्हणून हे लिहायला बसले. एकदा पहिल्यापासून लिहिलं तर मला काय बोलायचंय ते मलाच कळेल, असं वाटतं.

अर्पित आमचा एकुलता एक. त्याचे पप्पा, प्रकाशचंदजी, जळगावात डाळीचा व्यापार करतात. इथल्या डाळ मिलमध्ये दाणे निवडणारी मशीनं असतात. डाळीतला काळा, किडका दाणा कॅमेऱ्याने ओळखायचा आणि हवेच्या झोताने बाजूला उडवायचा, हे त्यांचं काम. पप्पांबरोबर मिलमध्ये गेला की अर्पित तासन्‌तास त्या मशीनसमोर उभा राहायचा. दुकानाच्या गादीवर त्याचं मन कधी रमलंच नाही. पुण्याला शिकून इंजिनिअर झाला आणि तसलीच मशीनं बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत लागला. मिलमधून फोन आला की बॅग उचलून निघायचा. कधी अकोला, कधी लातूर, कधी इंदूर. कुठेही गेला तरी माझा डबा आणि खाकऱ्याचं पाकीट बरोबर असायचंच.

गेल्या दिवाळीनंतर कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी जपानला पाठवलं. तिथे काम तांदळाच्या गिरण्यांचं. आज ओसाका, परवा ओकायामा, पुढच्या आठवड्यात फुकुओका. महिन्यातले वीस दिवस तो खोलीबाहेरच असतो.

खाण्याच्या बाबतीत त्याने मला कधी त्रास दिला नाही. आपल्या घरात कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, हे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिसरीत असताना शेहजाद नावाच्या वर्गमित्राच्या वाढदिवसाला गेला होता. दुसऱ्या दिवशी शेहजादची आई, रूहीभाभी, आमच्या दारात उभी.

"ताई, ग्लास नवा होता हो. खास त्याच्यासाठी आणला होता, वरचा कागदसुद्धा काढला नव्हता. तीन तास पोरगं उन्हात खेळलं, पण घोटभर पाणी प्यायलं नाही. मला रात्रभर झोप नाही."

मी हसून म्हटलं, "तो असाच आहे, भाभी. मनाला लावून घेऊ नका."

ती गेली. संध्याकाळी आमच्या जैन स्थानकात मी ही गोष्ट चार बायकांना कौतुकाने सांगितली. अर्पित बाजूलाच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान मला अजून आठवतो. आठ वर्षांचा होता तो. त्याला तहान लागली होती का, हे मी विचारलंच नाही.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. गेल्या वर्षी महासतीजींचा, म्हणजे आमच्या साध्वीजींचा, चातुर्मास जळगावच्या स्थानकात होता. त्यांचा निरोपाचा दिवस होता आणि आठ दिवसांनी अर्पित निघणार होता. कुणीतरी म्हणालं, परदेशी चाललाय तर काही नियम घेऊन जा. अर्पित पुढे गेला, हात जोडले.

महासतीजींनी विचारलं, "काय जमेल?"

"मांस-मासे-अंडं नाही. ते तर तसंही नाहीच."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यावर झालं असतं. पण बायकांच्या बाजूने मी उठून उभी राहिले.

"महासतीजी, जिथे मांस-मासे शिजतात, तिथलं काहीही नाही. पाणीसुद्धा नाही. परत येईपर्यंत."

दोनेकशे माणसं होती. अर्पितने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पूर्वी एकदा ट्रेनिंगसाठी तो दहा दिवस जपानला राहून आला होता. आपण काय कबूल करतोय हे त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं.

"अर्पितभाई, विचार करून सांगा," महासतीजी म्हणाल्या.

"मम्मी म्हणते ते."

"पुन्हा विचारते. जमेल?"

"हो."

लोक धन्य धन्य म्हणाले. घरी येईपर्यंत तीन जणींनी माझा हात धरून मला पुण्यवान म्हटलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

तो गेला आणि पहिल्याच आठवड्यापासून फोटो येऊ लागले. रोज एक. काळ्या वाडग्यात पांढरंशुभ्र टोफू, वर तीळ. सोनेरी रश्शातल्या जाड शेवया. लाल चवळीसारख्या दाण्यांचा भात. खाली लिहिलेलं असायचं, "मम्मी, स्टेशनजवळ बौद्ध लोकांचं शाकाहारी दुकान सापडलं. एकदम स्वस्त. पोट भरलं." गाव बदललं की नवीन दुकान. त्याचे पप्पा म्हणायचे, "याचं नशीब बघ, जाईल तिथे भोजनशाळा उभी."

मी ते फोटो महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे. बायका पत्ते मागायच्या. अर्पित लिहायचा, गल्लीत आहे मम्मी, पाटी जपानीत आहे. त्या पदार्थांवर एक वेगळीच चकाकी असायची. मला वाटायचं, फोन चांगला घेतलाय. एका फोटोत तर शेवया उचललेल्या काड्या हवेत तरंगत होत्या आणि धरणारा हातच नव्हता. मी पप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "जपानी लोक आहेत, काहीही करतील." आम्ही दोघं हसलो.

हसली नव्हती फक्त कमलबाई. ती आमच्याकडे स्वयंपाकाला येते, अमळनेरकडची आहे. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना ती पोळ्या लाटता लाटता वाकून बघायला आली आणि म्हणाली, "ताई, पोऱ्या वाळी गया ना! तठे भाकर नही भेटस का?"

"तुला काहीही दिसतं," मी तिला गप्प केलं. "जाड जॅकेट काढलंय म्हणून वाळल्यासारखा वाटतो."

जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या अखिलची बायको जिनल जपान फिरून आली. अठ्ठावीस जणांची टूर, आपल्याच लोकांची. बरोबर स्वयंपाकाला नथ्थू महाराज, दोन पोती राशन आणि मोठी पातेली. आल्यावर ती मिठाई द्यायला आमच्याकडे आली. मी कौतुकाने अर्पितने पाठवलेले फोटो तिला दाखवायला घेतले.

"बघ, तुम्ही नाहक महाराज नेलात. हा बघ कसा जेवतो."

ती एकेक फोटो सरकवत होती. आधी हसली. मग हसणं थांबलं.

"काकू, हे अर्पितने पाठवलेत?"

"मग? रोज पाठवतो."

"अहो काकू... हे जेवण नाहीये. प्लास्टिकचं आहे. आत काय मिळतं ते कळावं म्हणून तिथे दुकानाच्या काचेत असं करून ठेवतात. मी पण काढलेत फोटो, हे बघा."

तिच्या फोनमध्ये तशाच तरंगत्या काड्या होत्या.

मी म्हटलं, "म्हणजे आत जाऊन हेच खात असेल ना."

जिनलने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "सांगू की नको असं होत होतं मला. ओसाकाला तो आम्हाला भेटायला आला होता. हॉटेलच्या मागे बसजवळ महाराजांनी खिचडी-कढी केली होती. काकू, सगळ्यांचं झाल्यावर तो पातेल्याशी बसला आणि पातेलं पुसून खाल्लं त्याने. महाराज म्हणाले, 'भाऊ, किती दिवसांचा उपाशी आहेस?' तर म्हणतो, 'सात महिन्यांचा, महाराज.' आम्हाला चेष्टा वाटली. सगळे हसले. मीही हसले."

त्या संध्याकाळी मी फोन लावला. आधी त्याने उडवाउडवी केली. "जिनलभाभीला काय कळतं? नऊ दिवस बसमधून उतरली नाही ती." मी पुन्हा विचारलं. मग तो म्हणाला, "खातो गं मम्मी. केळी, शेंगदाणे, सोयाचं दूध. खोलीवर असलो की कुकरमध्ये मूग-भात."

"आणि प्रवासात?"

"केळी."

"वीस दिवस?"

"खाकरे असतात ना तुझे."

पार्सलं आम्ही दर महिन्याला पाठवतो. ती त्याच्या खोलीच्या दाराशी पडून राहतात, हे तेव्हा कळलं. बॅगेत मावेल तेवढंच तो नेतो आणि ते चार दिवसांत संपतं.

"एवढ्या मोठ्या देशात तुला काही मिळत नाही?" मी विचारलं. त्यावर तो जे बोलला ते शब्दन्‌शब्द माझ्या लक्षात आहे, कारण इतकं सलग तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"मम्मी, मिळत नाही असं नाही. इथल्याइतकं स्वस्त आणि हाताशी खाणं मी कुठेच पाहिलं नाही. स्टेशनवर उभ्याने खायची दुकानं आहेत. माणूस शिरतो आणि सहा मिनिटांत शेवया खाऊन गाडी पकडतो. रेल्वेच्या पुलाखाली दहा-दहा फुटांची दुकानं आहेत, तिथे साहेब, हमाल, म्हातारी माणसं एका फळीवर बसून जेवतात. भाषा यायला लागत नाही. दारातल्या मशीनमध्ये पैसे टाकायचे, चिठ्ठी घ्यायची, आत द्यायची. पण रश्शात मासा असतो. रश्शात नसला तर शेजारच्या शेगडीवर असतो. सुरुवातीला मी प्रत्येक शहरात काम संपल्यावर दोन-दोन तास शोधायचो. आता नाही शोधत."

"मग काय करतोस?"

"फोटो काढतो."

तोच पुढे म्हणाला, "जानेवारीत फुकुओकाला होतो. स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या दारात मी रोज थोडा वेळ थांबायचो. पडदा हलला की आतली ऊब यायची ना, म्हणून. दुकान एका म्हातारीचं. चौथ्या दिवशी ती बाहेर आली, हातात पेला. साधं गरम पाणी, मम्मी. मी हात जोडून नको म्हटलं. तिला वाटलं, याच्याकडे पैसे नाहीत. पैसे नकोत, घे, असं ती खुणेने सांगत होती. मी पुन्हा नको म्हटलं. ती बराच वेळ पेला घेऊन उभी होती. मग आत गेली. नंतर मी त्या रस्त्याने गेलो नाही."

"अरे, पाणी तरी घ्यायचंस!"

"पाणीसुद्धा नाही ना, मम्मी."

टोमणा नव्हता. घराचा नंबर सांगावा तसं त्याने सांगितलं.

मी त्याला म्हटलं, नियम सोड. तो म्हणाला, असा कसा सोडू, सगळ्यांसमोर घेतलाय. म्हटलं, परत ये. तो म्हणाला, दोन वर्षांचं काम अर्ध्यावर टाकून आलो तर पुन्हा अकोला-लातूरच करत बसावं लागेल. आणि शेवटी, "मला जमतंय, तू काळजी करू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून फोटो बंद झाले. खोटी का होईना, दुपारी फोनवर येणारी ती वाटी मला हवी होती. आता दुपारी फोन वाजला तरी कुणाचं लग्न, कुणाचं सांत्वन, एवढंच असतं.

पंधरा दिवसांपूर्वी एका गिरणीत मशीन उघडता उघडता तो खाली बसला. चक्कर आली म्हणे. कंपनीच्या डॉक्टरने वजन केलं. जाताना एकाहत्तर होतं, आता त्रेपन्न. नीट जेवायला सुरुवात केली नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरने बजावलं.

"मग राहा दवाखान्यात," मी म्हटलं. "निदान सलाईन तरी लावतील."

"तिथे जेवण दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून येतं मम्मी. तिथेही मासेच शिजतात." आणि तो हसला. खरंच हसला.

महासतीजींचा यंदाचा चातुर्मास धुळ्याला आहे. परवा सकाळच्या एसटीने मी धुळ्याला गेले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीखाली भजीवाला ओरडत होता आणि लोक कागदात घेऊन खात होते. मी तोंड फिरवून बसले.

व्याख्यान संपल्यावर मला वेळ मिळाला. मी सगळं सांगितलं. फोटो, पातेलं, त्या म्हातारीचा पेला, वजन. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "अर्पितभाईंनी विचारायला सांगितलंय?"

"नाही. तो विचारणार नाही. मी विचारते. त्याला नियमातून मोकळं करा."

"नियम त्यांचा आहे, बाई."

"नियम माझा होता, महासतीजी. तोंड फक्त त्याचं होतं."

त्या म्हणाल्या, "मला त्या दिवशीच दिसलं होतं. त्यांना मी दोनदा विचारलं, तुम्हाला एकदाही विचारलं नाही. ती चूक माझी." त्या पुढे म्हणाल्या, "शरीर ढासळायला लागलं तर नियमात सूट असते. शिबिरात आपण लहान मुलांनाही हे शिकवतो. अर्पितभाई त्या शिबिरांना आलेले आहेत. त्यांना माहीत आहे."

"माहीत आहे? मग घेत का नाही?"

"माझा निरोप द्या. सूट आहे म्हणावं, आल्यावर प्रायश्चित्त देईन. पण एक सांगते, राग मानू नका. ते माझ्यासाठी उपाशी राहत असतील असं मला वाटत नाही."

त्यांना वंदना कशी केली, स्टँडवर कशी आले, आठवत नाही. धुळं माझं माहेर, पण भावाच्या दारावरून रिक्षा गेली तरी मी उतरले नाही.

घरी येऊन अर्पितच्या पप्पांना निम्मंच सांगितलं. निरोपाचं तेवढं. ते म्हणाले, "मग कर फोन आणि सांग."

"सांगते. रोजच तर म्हणते, खा म्हणून."

"तू खा म्हणत नाहीस. तू विचारतेस. काय खाल्लं, कुठे खाल्लं, कुणी केलं, कढई कुठली. तीस वर्षं ऐकतोय मी. पोटभर जेव म्हणाल्याचं मला आठवत नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही बोललात त्या दिवशी स्थानकात?"

"तुझ्यापुढे दोनशे माणसांत बोलायचं?" एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

काल मी फोन केला. ठरवून केला. आणि त्याने उचलल्याबरोबर माझ्या तोंडातून निघालं, "आज काय खाल्लंस?"

"खाल्लं, मम्मी."

"काय?"

"खाल्लं गं."

मी महासतीजींचा निरोप सांगितला. सूट आहे म्हटलं. तो "बरं" म्हणाला. त्याचं ते "बरं" मला लहानपणापासून माहीत आहे. त्याचा अर्थ नाही असाच असतो. मी पुढे रेटलं नाही. हवामान विचारलं आणि फोन ठेवला.

का रेटलं नाही, हे रात्रभर शोधतेय. एक कारण लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्या रश्शातला मासा त्याच्या ओठाला लागेल या विचाराने माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. त्रेपन्न किलो ऐकूनही येतो. त्याचं हाडाचं मनगट मला व्हिडिओत दिसतं, आणि तरी काटा येतो. असली कसली मी आई? आणि हे त्याला ऐकू जातं. मी तोंडाने सूट आहे म्हणते तेव्हा तो माझ्या आवाजातला तो काटा ऐकतो, आणि "बरं" म्हणून केळी आणायला जातो.

तिसरीतल्या मुलाला उन्हात तहानलेलं ठेवून मी त्याची शाबासकी घेतली. त्याला वाटलं, आईला याचाच आनंद होतो. त्यात त्याचं काय चुकलं? पुढे वीस वर्षं तो मला तो आनंद देत राहिला. पुण्याच्या मेसमध्ये दिला, अकोल्याच्या लॉजमध्ये दिला. आता तिथे देतोय. आणि मी तो घेतलाही. महिला मंडळाच्या ग्रुपवर रोज दुपारी घेतला.

जमत नसेल तर मरू दे तो नियम, असं मला म्हणता येईल का? माहीत नाही. त्याने माझं ऐकून त्या फळीवर बसून खाल्लं, आणि मग आयुष्यभर स्वतःलाही माफ केलं नाही आणि मलाही नाही, तर? आणि नाही खाल्लं, तर? दोन्हीकडे मला अंधारच दिसतो. कुठल्याही बाजूने तो मला पूर्वीसारखा परत मिळेल असं वाटत नाही.

पण तो निदान असायला हवा.

दोन वाजत आले. तिथे साडेपाच. सहाच्या गाडीने त्याला हिरोशिमाला जायचंय, म्हणजे उठलेला असणार. आता फोन करायचा. काय खाल्लं ते विचारायचं नाही. निरोपही महासतीजींचा सांगायचा नाही. त्या दिवशी मी का उभी राहिले ते सांगायचं. त्याच्यासाठी नाही, लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून. त्याच्या तोंडून मी माझाच नियम घेतला आणि तो आता मी मोडते. पाप असेल तर माझं. मला काटा येतो, येऊ दे, मी तो सोसेन, हेही सांगायचं. गाडी चुकली तरी चालेल, स्टेशनवरच्या दुकानात शिर, गरम भात माग, पाणी माग, आणि मला फोटो पाठवू नकोस, असं सांगायचं.

तो चिडेल. गप्प बसेल. कदाचित पुन्हा "बरं" म्हणेल. यावेळी मी हवामान विचारणार नाही. तो खरं बोलेपर्यंत फोन धरून राहणार आहे.

अर्पितच्या पप्पांना उठवत नाही. नंबर लावते.